स्पॅनिशच्या तासाला मेक्सिकोची प्रतिज्ञा: म्हणायची का नाही?

डॅलसजवळ राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे, बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात सांगते. मुलगी नववीत, जन्म पुण्याचा, सध्या एच-फोर व्हिसावर (आईबाबांपैकी एकाच्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या कुटुंबाचा), शाळेत स्पॅनिश टू म्हणजे दुसऱ्या वर्षाचं स्पॅनिश घेतलंय. १६ सप्टेंबर म्हणजे मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन, त्यानिमित्त टीचरने मेक्सिकोच्या झेंड्याची प्रतिज्ञा पाठ करायला दिलीय, एकेकाने वर्गासमोर यायचं, उजवा हात पुढे करायचा, प्रतिज्ञा म्हणायची, आणि त्याची क्विझ ग्रेड लागणार. बाबांचं म्हणणं, रोज सकाळी अमेरिकेची म्हणते ते ठीक, इथे राहतो आपण, पण आता मेक्सिकोची कशाला, आणि उद्या ग्रीन कार्डच्या वेळी कोणी काही विचारलं तर? आईचं म्हणणं, पाठांतर आहे, म्हण आणि मोकळी हो. मुलीला स्वतःला काय वाटतं ते प्रश्नात कुठेच नाही, ते आधी तिला विचारा बरं का.

मी टेक्ससमध्येच पब्लिक हायस्कूलला स्पॅनिश शिकवते, बरीच वर्षं झाली, आणि रविवारी महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत पण शिकवते, त्यामुळे हा विषय मला दोन्ही बाजूंनी रोजचाच आहे. माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे खाली शोधत बसायला नको. प्रतिज्ञेचा मजकूर वर्गात वाचायला, समजून घ्यायला, अगदी त्यावर परीक्षा घ्यायला काहीही हरकत नाही. पण पोराला उभं करून, हात पुढे करायला लावून, "आम्ही तुला वचन देतो" असं म्हणवून घ्यायचं आणि त्याला मार्क ठेवायचे, हे भाषेच्या तासाचं काम नाही. आणि हे मेक्सिकोच्या प्रतिज्ञेला जेवढं लागू आहे तेवढंच आपल्या रविवारच्या शाळेत ह्यूस्टनमध्ये जन्मलेल्या पोरांकडून "भारत माझा देश आहे" म्हणवून घेण्यालाही लागू आहे, त्यावर खाली येतेच, तिथे काही जण चिडणार आहेत ते माहितीये मला.

आधी बाबांची भीती घालवू. व्हिसा, ग्रीन कार्ड, सिटिझनशिप यातल्या कशाशीही शाळेतल्या प्रतिज्ञेचा संबंध नाही. वर्गात म्हटलेली प्रतिज्ञा ही कायद्याच्या दृष्टीने शपथ नाहीच. अमेरिकेचं नागरिकत्व घेताना जी शपथ असते ती वेगळी, तिच्यात आधीच्या देशाची निष्ठा सोडतो असं स्पष्ट म्हणावं लागतं. उलट बाजूने बघितलं तर अमेरिकन नागरिकाने दुसऱ्या देशाची शपथ घेतली म्हणून नागरिकत्व जायला सुद्धा तो १८ वर्षांच्या वर असावा लागतो आणि नागरिकत्व सोडायचा त्याचा इरादा असावा लागतो. भारताकडूनही काही नाही, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं तर भारताचं जातं, प्रतिज्ञा म्हटल्याने नाही. तेव्हा या कारणासाठी झोप उडवून घेऊ नका. आणि रोज सकाळी ती अमेरिकेची प्रतिज्ञा म्हणते ना, ती पण परक्या देशाचीच झाली की तिच्यासाठी, पासपोर्ट भारताचा आहे तिचा. टेक्ससमध्ये तर रोज दोन, एक अमेरिकेच्या झेंड्याची आणि एक टेक्ससच्या, मग एक मिनिट शांतता. आईवडिलांनी लेखी दिलं तर मुलाला त्यातून सूट मिळते असं राज्याच्याच कायद्यात आहे, पण आपल्यातले कितीतरी पालक दहा दहा वर्षं इथे राहून हे कधी वाचत नाहीत.

आता कायदा. तुमचीच गोष्ट वाटावी अशी केस टेक्ससमध्येच होऊन गेलीय. २०११ चा सप्टेंबर, मॅकॅलन, म्हणजे रिओ ग्रांदे नदीजवळचं गाव, पलीकडे मेक्सिको. स्पॅनिशच्या वर्गात मेक्सिकोची प्रतिज्ञा पाठ करून उभं राहून म्हणायची आणि राष्ट्रगीत पण म्हणायचं असं दिलं होतं. एका मुलीने नाही म्हटलं आणि तिने अमेरिकेची प्रतिज्ञा म्हटली. तिला त्याऐवजी मेक्सिकोच्या स्वातंत्र्यावर निबंध लिहायला दिला. तिने वर्गातला व्हिडिओ काढला होता, तो बाहेर गेला, न्यूजमध्ये आला, मग एवढा गदारोळ झाला की तिला त्या वर्गातून काढून ऑफिसात बसून अभ्यास करायला लावलं. कोर्टात गेलं प्रकरण. २०१७ मध्ये फिफ्थ सर्किट या केंद्रीय अपील कोर्टाने शिक्षिका आणि शाळेच्या बाजूने निकाल दिला. कोर्टाचं म्हणणं साधारण असं, की हा शैक्षणिक, सांस्कृतिक धडा होता, मुलांमध्ये मेक्सिकोची निष्ठा रुजवायची असा हेतू कुठे दिसत नाही, त्यामुळे जबरदस्तीने मत वदवून घेणं यात हे बसत नाही. हे सर्किट टेक्सस, लुइझियाना आणि मिसिसिपीचं, म्हणजे तुम्हाला लागू होणारा निकाल हाच.

म्हणजे "आम्ही केस करू" हा रस्ता तुमच्यासाठी जवळपास बंद आहे, आणि बंद आहे ते एका परीने बरंच आहे, कारण वकिलाचं पत्र गेलं की टीचर बोलायची थांबते आणि मधल्या मधे पोरगी सापडते. पण इथे एक गोष्ट लोक गाळतात. कोर्टाने शिक्षिकेला दोषी धरलं नाही, ती शिकवण्याची चांगली पद्धत आहे असं सर्टिफिकेट काही दिलेलं नाही, ते कोर्टाचं काम पण नाही.

जुना निकाल १९४३ चा, तो पण माहीत असू द्या. त्याआधी १९४० मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने यहोवाज विटनेस पंथाच्या मुलांना झेंड्याला सॅल्यूट करायची सक्ती करता येते असं म्हटलं होतं, तीनच वर्षांत स्वतःचा निकाल फिरवला, तोही ऐन महायुद्धात, आणि सांगितलं की देशभक्तीच्या बाबतीत काय बोलायचं हे कुठलाही अधिकारी कोणावर लादू शकत नाही. अमेरिकन झेंड्यासाठी अमेरिकन मुलांवर सक्ती नाही, मग मेक्सिकन झेंड्यासाठी ती असावी का, हा प्रश्न सरळ मनात येतो, मॅकॅलनच्या मुलीच्या बाजूने मुद्दा हाच मांडला होता. कोर्टाला तो पटला नाही. मला शिक्षिका म्हणून पटतो.

का ते सांगते. हात पुढे करायचा हा भाग आधी घ्या, कारण तेवढाच मुलांना खटकतो आणि मोठ्यांच्या तो लक्षात पण येत नाही. मेक्सिकोत शाळेत सोमवारी झेंड्याचा कार्यक्रम असतो, अभ्यासात चांगली असलेली सहा मुलं झेंडा घेऊन संचलन करतात, आणि प्रतिज्ञेच्या वेळी सगळे उजवा हात समोर ताठ धरतात, तळवा खाली. तिथल्या पोरांसाठी त्यात काही वावगं नाही, आपण शाळेत प्रतिज्ञेला असाच हात पुढे करायचो की. पण अमेरिकेत? इथे १८९२ पासून फ्रान्सिस बेलामीने लिहिलेली प्रतिज्ञा म्हणतात, आणि सुरुवातीला इथे पण हात पुढेच करायचे. मग युरोपात नाझी लोक तसाच सॅल्यूट करायला लागले आणि १९४२ मध्ये ते बदलून हात छातीवर आणला. आता त्याच देशातल्या नववीतल्या मुलांनी वर्गात ताठ हात पुढे केला आणि मागच्या बाकावरच्या कोणी फोनवर फोटो काढला तर त्याचं काय होईल हे मला सांगायची गरज नाही. नुसत्या या कारणासाठी सुद्धा मी हा प्रकार वर्गात करणार नाही.

मग मजकूर. तुमच्या मुलीला जी प्रतिज्ञा दिलीय ती बहुतेक सगळीकडे म्हणतात तीच असणार, बांदेरा दे मेहिको अशी सुरू होणारी. मराठीत सांगायचं तर, हे मेक्सिकोच्या झेंड्या, आमच्या वीरांच्या वारशा, आमचे पूर्वज आणि आमचे बांधव यांच्या एकीच्या खुणे, आम्ही तुला वचन देतो की स्वातंत्र्य आणि न्याय या तत्त्वांशी आम्ही कायम निष्ठा राखू, ज्या तत्त्वांमुळे आमची मातृभूमी स्वतंत्र, माणुसकी जपणारं आणि उदार राष्ट्र बनते, ज्या राष्ट्राला आम्ही आमचं जगणं अर्पण करतो. सुंदर आहे, मला मनापासून आवडते. पण "आमचं जगणं अर्पण करतो" हे वाक्य पुण्यात जन्मलेल्या, डॅलसजवळच्या फ्रिस्को किंवा प्लेनोत राहणाऱ्या, मेक्सिकोला एकदाही न गेलेल्या चौदा वर्षांच्या पोरीने दहा मार्कांसाठी म्हणायचं? ज्यांची आहे त्यांच्या दृष्टीने पण ते बरं दिसत नाही. माझ्या वर्गात मेक्सिकन घरातली बरीच मुलं असतात, त्यांच्या आज्या हे ऐकून खूष होतील असं टीचरला वाटतं, आणि एखादी होईलही, पण मी दोन चार घरांमधून उलटंच ऐकलंय, की आमची प्रतिज्ञा म्हणजे काय तुमचा स्पेलिंग टेस्ट आहे का.

आणि वीर कोण? आमचे वीर म्हटलं की मेक्सिकन मुलाच्या डोळ्यासमोर येतात चापुल्तेपेकच्या किल्ल्यावरचे सहा कॅडेट, १३ सप्टेंबर १८४७ ला लढता लढता मेले, त्यातल्या एकाने झेंडा अंगाला गुंडाळून तटावरून उडी मारली अशी कथा तिथे पोराटोरांना तोंडपाठ. ते कोणाशी लढत होते? अमेरिकेच्या सैन्याशी. त्या युद्धानंतर १८४८ च्या तहात मेक्सिकोचा जवळपास निम्मा मुलूख गेला, टेक्सस धरून. राष्ट्रगीत १८५४ चं, म्हणजे जखम ताजी असतानाचं, त्यात तर परक्या शत्रूने आपल्या भूमीवर पाय ठेवायची हिंमत केली तर काय करायचं ते सगळं आलंय. आता टेक्ससच्या वर्गात हे म्हणताना ज्या घरातला कोणी आर्मीत आहे त्या मुलाला, किंवा ज्याचे पणजोबा १८३६ च्या टेक्सस क्रांतीच्या, म्हणजे टेक्सस मेक्सिकोपासून फुटलं त्या लढ्याच्या, गोष्टी ऐकत मोठे झाले त्या मुलाला खटकलं तर तो मुलगा वंशद्वेष्टा असेल असं लगेच धरून चालू नये. यावर वर्गात बोलायला हवं, खूप बोलायला हवं, सोन्यासारखा विषय आहे. पाठ करून म्हणण्यात नेमकं तेच बोलणं राहून जातं.

राष्ट्रगीताचीच एक गंमत. त्यात "मास सी ओसारे" असे तीन शब्द येतात, पण जर त्याने धाडस केलं तर, असा अर्थ. हे क्रियापदाचं रूप इतकं जुनं आहे की आज कायद्याच्या कागदांबाहेर कोणी वापरत नाही, त्यामुळे खुद्द मेक्सिकोतली पोरं पण ते एक शब्द समजून म्हणतात आणि त्यांना वाटतं मासिओसारे हे त्या परक्या शत्रूचं नाव आहे. त्यावर तिकडे विनोद आहेत, कितीतरी. तिथल्या मुलांचं हे, तर स्पॅनिश टू ची मुलं, ज्यांना अजून साधा भूतकाळ नीट येत नाही, ती काय समजून म्हणणार? म्हणजे भाषेचा अभ्यास म्हणूनही हा मजकूर त्या पातळीचा नाही. आमच्याकडे शिकवण्याचे तीन भाग धरतात, ऐकून वाचून समजणं, दोघांनी एकमेकांशी बोलणं, आणि आपलं म्हणणं मांडणं. प्रतिज्ञेचं पाठांतर तिसऱ्यात घुसवतात, पण त्यात मूल स्वतःचं काय मांडतं? काही नाही. घोकंपट्टी करून उच्चार सुधारतो हे मान्य, मग कविता द्या, जाहिरात द्या, आजीची रेसिपी द्या, हजार गोष्टी आहेत.

अजून एक, जे स्पॅनिशवाल्यांना सांगावं लागू नये पण लागतं. स्पॅनिश म्हणजे मेक्सिको नाही. वीस एक देशांची भाषा आहे ती. इथला हिस्पॅनिक हेरिटेज मंथ १५ सप्टेंबरला सुरू होतो तो मुळात ग्वातेमाला, एल साल्वादोर, होंडुरास, निकाराग्वा आणि कोस्ता रिका यांच्या १८२१ च्या स्वातंत्र्याचा दिवस धरून, मेक्सिकोचा दुसऱ्या दिवशी येतो. वर्गात होंडुरासचा मुलगा बसलेला असतो, त्याला मेक्सिकोच्या झेंड्याला वचन द्यायला लावायचं म्हणजे, मराठी येतं ना मग गुजराती पण तुझंच, असं झालं. आणि खुद्द स्पेनच्या राष्ट्रगीताला तर अधिकृत शब्दच नाहीत, नुसतं संगीत, तिथे पाठांतराची पंचाईत आपोआप मिटते. पुण्यामुंबईत फ्रेंच जर्मन शिकलेल्यांना हा प्रश्न कधी पडला नसेल त्याचं कारणही साधं आहे, त्या देशांच्या शाळांत अशी रोजची प्रतिज्ञा नाहीच.

उलट्या दिशेची भांडणं पण होतात. २०१३ मध्ये कोलोरॅडोच्या फोर्ट कॉलिन्समध्ये आणि २०१५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पाइन बुशमध्ये हायस्कूलच्या स्पीकरवरून अमेरिकेचीच प्रतिज्ञा अरबीत म्हटली, तर केवढा आरडाओरडा झाला, पाइन बुशच्या शाळेला माफी मागावी लागली. प्रतिज्ञा अमेरिकेची, देश अमेरिका, नुसती भाषा वेगळी. तिथे मी शंभर टक्के शाळेच्या बाजूची आहे, निष्ठा तीच आहे मग ती कुठल्या भाषेत सांगितली याने काय बिघडलं? लोक दोन्ही प्रकार एकाच पोत्यात भरतात आणि "परकीय भाषा, देशद्रोह" म्हणून ओरडतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आणि आपल्याकडे काही वेगळं आहे असं समजू नका. २०२० च्या जुलैमध्ये, लॉकडाऊनमधल्या ऑनलाइन शाळेत, झारखंडच्या घाटशिलामध्ये एका शाळेत नर्सरी केजीच्या पोरांना पाकिस्तान आणि बांगलादेशचं राष्ट्रगीत पाठ करायला सांगितलं होतं. पालक खवळले, चौकशी लागली, होमवर्क मागे घेतला. मला त्यात देशद्रोह वगैरे काही दिसला नाही, जनरल नॉलेजच्या नावाखाली केलेला अर्धवटपणा दिसला, चार वर्षांच्या मुलाला स्वतःचं राष्ट्रगीत धड येत नाही. पण इथे "मेक्सिकोची म्हण की, त्यात काय" म्हणणाऱ्या आपल्याच मंडळींनी स्वतःला विचारावं की आपल्या पुतण्याला पुण्याच्या शाळेत उर्दूच्या तासाला पाकिस्तानचं राष्ट्रगीत उभं राहून म्हणायला लावलं असतं तर आपण काय केलं असतं. मग कळेल मॅकॅलनची ती मुलगी का अडून बसली.

भारतात सक्तीचा प्रश्न सुप्रीम कोर्टाने १९८६ मध्ये सोडवलाय, केरळची केस, यहोवाज विटनेस घरातली तीन भावंडं राष्ट्रगीताला उभी राहायची पण म्हणायची नाहीत, म्हणून शाळेतून काढलं होतं. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डींनी त्यांना परत घ्यायला लावलं आणि निकालात अमेरिकेतल्या त्याच १९४३ च्या निकालाचा आधार घेतला. उभं राहणं म्हणजे मान राखणं झालं, तोंडाने म्हटलंच पाहिजे असा कायदा नाही. तुमच्या मुलीने वर्गात काय करावं याचं उत्तर पण थोडंफार यातच आहे, बाकीची मुलं म्हणत असतील तेव्हा गप्प, नीट उभं राहायचं, हसायचं नाही, फोन काढायचा नाही.

आता आपली रविवारची शाळा. बालभारतीचं कुठलंही पुस्तक उघडा, सुरुवातीच्या पानांतच प्रतिज्ञा. भारतातून बॅगेत घालून आणलेली पुस्तकं असतात, नवीन शिकवायला आलेला उत्साही दादा किंवा मावशी पहिल्या दिवशी तेच पान काढतात, सगळ्यांना उभं करतात, हात पुढे. समोर पंधरा पोरं, त्यातली तेरा इथे जन्मलेली, अमेरिकन पासपोर्ट, फार तर ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते, आणि ते नागरिकत्व नाही, भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. ती पोरं म्हणतात, भारत माझा देश आहे, माझा देश आणि माझे देशबांधव यांच्याशी निष्ठा राखण्याची मी प्रतिज्ञा करीत आहे. आणि सोमवारी सकाळी शाळेत दुसरी. हे मी बोलले की मंडळात ठरलेलं उत्तर येतं, "अहो संस्कार आहेत ते, एवढं काय मनावर घेता." संस्कारांना माझा विरोध नाही हो. पण स्पॅनिश टीचरने मेक्सिकोची म्हणवून घेतली की आपल्याला आयडेंटिटी आठवते आणि आपण भारताची म्हणवून घेतली की ते संस्कार, हे मला पटत नाही. शाळेतल्याच एका आठ वर्षांच्या मुलीने मला विचारलं, "बट आय वॉज बॉर्न इन केटी, सो इज इट अ लाय?" (केटी म्हणजे ह्यूस्टनजवळचं गाव.) तिला मी तिथल्या तिथे बसायला सांगितलं, बाकीच्यांना पण, आणि ते पान वाचायला घेतलं.

वाचायला घेतलं की त्यातून खूप निघतं. ही प्रतिज्ञा मुळात तेलुगूत लिहिली गेली, १९६२ मध्ये, पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी, ते विशाखापट्टणमला ट्रेझरी ऑफिसर होते, आणि १९६५ पासून ती देशभर शाळांमध्ये म्हणायला लागले. पुस्तकात त्यांचं नाव कित्येक वर्षं कुठे छापलेलं नसायचं. मराठी पोरांना हे सांगितलं की "म्हणजे हे पण ट्रान्सलेशन आहे?" म्हणून डोळे मोठे होतात. मग मोठ्या गटाला मी अमेरिकेची, टेक्ससची, मेक्सिकोची आणि भारताची, चारही समोर ठेवायला देते आणि विचारते कोणाला उद्देशून आहे, कशाचं वचन आहे, काय नाहीये. अमेरिकेची ३१ शब्दांची, त्यात झेंडा आहे, आणि देव १९५४ मध्ये आला. टेक्ससच्यात तो २००७ मध्ये घातला. मेक्सिकोच्यात झेंड्याशीच बोलणं आहे आणि वीर आहेत. भारताच्या प्रतिज्ञेत झेंडाही नाही आणि देवही नाही, पण आईवडील, गुरुजन आणि वडीलधारी माणसं आहेत, सौजन्याने वागेन असं आहे, हे बाकी कोणाच्यातच नाही. एक मुलगा म्हणाला, आपल्याच प्रतिज्ञेत आई बाबा घुसलेत. वर्ग हसला, मी पण हसले. "पाईक" आणि "विविधतेने नटलेल्या" यावरच अर्धा तास जातो. कोणी उभं राहत नाही, कोणी वचन देत नाही, आणि तरी ते पान त्यांना आपल्यातल्या घोकून म्हणणाऱ्या पिढीपेक्षा जास्त कळतं, आपल्याला त्यातलं फक्त "सारे भारतीय माझे बांधव आहेत" वरचा लग्नाचा जोक लक्षात आहे. ज्या मुलाला मनापासून म्हणायचीय त्याने जरूर म्हणावी, १५ ऑगस्टच्या कार्यक्रमात म्हणावी, त्याला कोण अडवतंय. मार्क नकोत आणि रांगेत उभं करणं नको, एवढंच.

मेक्सिकोच्या बाबतीत पण मी हेच करते. १६ सप्टेंबरच्या आसपास राष्ट्रगीत ऐकवते, फुटबॉल मॅचच्या आधीचा व्हिडिओ, कॅमेरा खेळाडूंच्या चेहऱ्यावरून फिरतो तो, आणि छातीवर आडवा हात का ते शोधायला सांगते. राष्ट्रगीत लिहिणाऱ्या गोन्सालेस बोकानेग्राला त्याच्या होणाऱ्या बायकोने खोलीत कोंडून ठेवलं आणि लिहून झाल्याशिवाय दार उघडलं नाही अशी गोष्ट तिथे सांगतात, ती गोष्ट सोप्या भूतकाळात लिहून काढायला देते, स्पॅनिश टू ला अगदी फिट बसते. मेक्सिकन घरातल्या मुलांना विचारते, ज्याला सांगायचंय त्याने सोमवारच्या कार्यक्रमाची आठवण सांगावी. एखादा स्वतः उभा राहून म्हणून दाखवतो प्रतिज्ञा, तेव्हा वर्ग असा चिडीचूप होतो की बास, कारण ती त्याची असते.

आता तुम्ही नेमकं काय करायचं. मुलीशी बोला. तिला म्हणायचीच असेल, मैत्रिणींबरोबर मजा म्हणून, तर म्हणू द्या, काही आभाळ कोसळत नाही, उगाच साप साप म्हणून भुई धोपटू नका. तिला नको असेल तर टीचरला मेल टाका, मुलीला पुढे करून वर्गात नाही म्हणायला लावू नका, तो बोजा तिच्यावर नको. मेलमध्ये मेक्सिकोबद्दल एकही वाकडा शब्द नको. दोन ओळींत आभार, की तुम्ही संस्कृती शिकवताय हे आवडलं. मग सरळ सांगा की कुठल्याही देशाची प्रतिज्ञा ग्रेडसाठी म्हणणं आमच्या घरात बसत नाही, मजकूर ती वाचेल, शब्द शिकेल, त्यावरचे प्रश्न स्पॅनिशमध्ये सोडवेल. आणि पर्याय तुम्हीच सुचवा, टीचरचं काम कमी होतं आणि होकार लवकर येतो. तेवढ्याच वेळाचं, तेवढ्याच मार्कांचं, तोंडीच असलेलं काहीतरी, उदाहरणार्थ १८१० ला दोलोरेस गावात पाद्री इदाल्गोने घंटा वाजवून लोक जमवले त्यावर आठ दहा वाक्यं वर्गासमोर बोलणं. "तेवढ्याच" वर जोर द्या, कारण कधी कधी पर्याय म्हणून चार पानी निबंध मिळतो आणि ती शिक्षाच होऊन बसते. तसं झालं तर नम्रपणे पण लगेच परत लिहा.

एक मात्र आत्ताच तपासून घ्या, रोज सकाळच्या अमेरिकन प्रतिज्ञेला तुमचा आक्षेप नाही आणि फक्त मेक्सिकोच्याला आहे असं टीचर म्हणू शकते, आणि तिचं चूक पण नसेल. त्याला उत्तर असं, की सकाळची ग्रेडवर नाही आणि तिच्यातून लेखी सूट मिळते, तसंच इथे पण द्या. सीसीमध्ये प्रिन्सिपलला पहिल्याच मेलला घालू नका, टीचर बचावात जाते आणि मग गोष्ट अडते. चार दिवसांत उत्तर नाही आलं तर काउन्सेलरला फोन करा, प्रिन्सिपल त्यानंतर. तुमची क्विझ १६ ला आहे म्हणजे फार दिवस नाहीत, मेल आजच टाका, आणि बाबांना आधी वाचून दाखवा म्हणजे त्यात ग्रीन कार्डचा उल्लेख राहणार नाही.